चर्चचा पाठीराखा कोण?

बीड जिल्हा म्हटला की परळीचे वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीवर टाकून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या डोळ्यांसमोर येतात. चर्च सहसा कुणाला आठवत नाही. जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे आहेत, पण संख्येने थोडी. कॅथलिक चर्चच्या नकाशावर हा जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. या धर्मप्रांताचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथेड्रल, संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे आहे. त्यांचा सण २४ जानेवारीला येतो.

हे फ्रान्सिस कोण? १५६७ साली आल्प्सच्या पायथ्याशी, सवॉय नावाच्या तेव्हाच्या स्वतंत्र सरदारीत जन्मलेले एक खानदानी गृहस्थ. वडिलांना मुलाने वकिली करावी असे वाटत होते, मुलगा मात्र धर्मगुरू झाला. १६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. पण जिनिव्हा तोवर प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या अनुयायांच्या ताब्यात गेलेले, त्यामुळे या बिशपांना स्वतःच्या शहरात बसता येईना. त्यांनी शेजारच्या ॲनसी गावातून कारभार केला. या माणसाने ना कधी भारत पाहिला, ना त्याच्या कानावर मराठवाड्याचे नाव पडले असेल. तरी गोदावरीच्या खोऱ्यातल्या माणसांचा पाठीराखा म्हणून त्याची तसबीर वेदीजवळ लागते.

ही गोष्ट नवलाची वाटते, पण तिच्यामागे सरळ कारण आहे. कोणत्याही जुन्या चर्चवरचे नाव वाचले की त्या गावात धर्मगुरू कुठून आले, कोणत्या वाटेने आले आणि कोणत्या संघाचे होते, हे बहुतेक वेळा ओळखता येते. पुढे त्या नावाचे काय करायचे, हे मात्र गावच ठरवते. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, हे बीडपासून वसईपर्यंत जाताना नीट दिसते.

कॅथलिक रिवाजात प्रत्येक चर्च कुणाच्या तरी नावाने अर्पण केलेले असते. कधी ते पवित्र क्रूसाचे किंवा पवित्र आत्म्याचे असते, कधी मारियामातेचे, कधी एखाद्या संताचे. तो संत त्या चर्चचा आश्रयदाता. संताची पूजा करायची नसते, त्याच्याकडे मध्यस्थी मागायची असते; ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच म्हणायचे असते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही रेषा पुन्हा एकदा आखून दिली. कारण युरोपात प्रोटेस्टंटांनी संतांच्या मूर्ती, अवशेष आणि नवस या सगळ्यांवरच झाडू फिरवायला घेतला होता. पुढे १६३० साली पोप आठवे अर्बन यांच्या कारकिर्दीत आश्रयदाता निवडण्याचेही नियम झाले. गावाने आणि धर्मगुरूंनी मिळून निवड करायची, रोमने ती मान्य करायची, आणि निवडलेली व्यक्ती संत म्हणून जाहीर झालेली असायला हवी.

व्यवहारात हा संत वर्षातून एकदा घराघरात येतो. सणाआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. रोज संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते, एकेक आळी किंवा एकेक मंडळ एकेका दिवसाची जबाबदारी घेते. सणाच्या दिवशी प्रवचनाला बाहेरगावचे फादर बोलावतात, मूर्तीची मिरवणूक निघते, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते. गावच्या जत्रेची ज्याला सवय आहे त्याला यात परके काही वाटत नाही.

मराठवाड्यात ख्रिस्ती धर्माची पहिली मोठी लाट कॅथलिक नव्हती. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. जालन्याला स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाची वस्ती उभी केली. बीडच्या पश्चिमेला नगर आणि उत्तरेला जालना, दोन्हीकडे प्रोटेस्टंट मिशनांचे वजन. त्यांच्या चर्चमध्ये संत नसतात, मूर्ती नसते, नवस तर नसतोच. रेव्हरंड टिळकांची भजने आणि कीर्तने हा त्या परंपरेचा मराठी ठेवा. त्यामुळे कॅथलिक फादर आले तेव्हा एकाच आळीतल्या दोन ख्रिस्ती घरांमध्ये एका घरात भिंतीवर फक्त वचन, तर दुसऱ्या घरात मारियामातेची तसबीर, असा फरक दिसू लागला.

कॅथलिक फादर आले ते दोन दिशांनी. पश्चिमेकडून, पुण्याच्या बाजूने, जेसुइट संघाचे फादर आले. पूर्वेकडून, नागपूरहून, आले ते फ्रान्सालियन.

फ्रान्सालियन म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने निघालेला मिशनरी संघ. पीटर मेर्मिये या फादरांनी तो १८३८ साली ॲनसीत स्थापन केला. म्हणजे ज्या गावातून फ्रान्सिस बिशपपदाचा कारभार पाहत होते, त्याच गावात. या संघाची पहिली तुकडी १८४५ साली भारताच्या पूर्व किनाऱ्यावर उतरली आणि विशाखापट्टणम हे तिचे ठाणे झाले. तिथून ती आत सरकत नागपूर-कामठीपर्यंत आली. नागपुरात संघाने १८७० साली संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाची शाळा काढली. शहरातले लोक आजही तिला ‘एसएफएस’ म्हणतात. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

नागपूरच्या या फ्रेंच फादरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड ओलांडून निजामाच्या मुलखात पाय ठेवला. वैजापूरच्या बाजूला घोगरगाव हे त्यांचे जुने ठाणे. त्या काळी बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड हे सगळे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसेच राहिले. चर्चची हद्द मात्र संस्थानाच्या हद्दीवर आखली गेली नाही. १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत झाला. त्यातून १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद वेगळा काढला गेला आणि बीड जिल्हा त्यात आला.

ॲनसी ते विशाखापट्टणम, तिथून नागपूर, तिथून औरंगाबाद: फ्रान्सिस डी सेल्स मराठवाड्यात आले ते असे मजल दरमजल करत, आपल्या नावाच्या संघाचे बोट धरून.

त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग मासिके-वर्तमानपत्रांत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. १५९४ साली, सत्ताविशीतल्या फ्रान्सिसना शाब्ले नावाच्या डोंगराळ भागात पाठवले गेले. तिथली वस्ती कॅल्विनपंथी झालेली. लोक त्यांच्या प्रवचनाला फिरकत नसत. जो जाईल त्याच्यावर गावाचा डोळा असे. तेव्हा या तरुण फादरांनी आपले म्हणणे कागदावर लिहून काढायला सुरुवात केली. त्याच्या प्रती करायच्या आणि रात्रीच्या वेळी लोकांच्या दाराखालून आत सरकवायच्या, असा तो उद्योग. समोर येऊन ऐकायला घाबरणारा माणूस घरात बसून वाचू तर शकत होता! त्या पत्रकांमुळेच १९२३ साली, मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. एका बहिऱ्या माणसाला त्यांनी खाणाखुणांनी धर्मशिक्षण दिले होते, म्हणून कर्णबधिरांचेही ते पाठीराखे मानले जातात.

आता दुसरी वाट. बीडच्या आष्टी तालुक्याची शीव ओलांडली की अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. हा जेसुइटांचा टापू. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात जर्मन जेसुइटांनी खेडोपाडी काम सुरू केले. त्यांच्याकडे आलेली माणसे मुख्यतः महार आणि मांग समाजातली, गावकुसाबाहेरची. १८८६ साली पुणे धर्मप्रांत झाला तेव्हा हा भाग त्याच्याकडे गेला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकले आणि नंतर मायदेशी धाडले. त्यांची जागा पुढे स्वित्झर्लंडच्या जेसुइटांनी भरून काढली. अहमदनगरच्या दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे काम उभे करणारे फादर हर्मन बाखर याच स्विस तुकडीतले. ते १९४८ साली भारतात आले.

याच टापूत श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी खेळले आणि बेलापूर कंपनीचा ऊस हरेगावात उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी कारखाना काढला त्याच्या बऱ्याच आधीचा हा खासगी कारखाना. मळ्यांवर आणि कारखान्यात राबायला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसे आली, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती.

हरेगावच्या चर्चला नाव आहे संत तेरेजा यांचे. पण महाराष्ट्रातल्या कुणाही ख्रिस्ती माणसाला ‘हरेगाव’ म्हणा, तो ‘मतमाऊली’ म्हणेल. १९४९ साली इथे मारियामातेची यात्रा सुरू झाली. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्याच्या लगतच्या शनिवार-रविवारी ही यात्रा भरते. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा याच दिवसांत असते आणि तिथल्या कोळ्यांची ती मोतमाउली. वांद्र्याची बॅसिलिका १९०४ सालची, मूर्ती मात्र पोर्तुगीज काळातली. ज्यांना मुंबईला जाणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी माउली जणू प्रवरेच्या काठी आली.

यात्रेच्या आधी नऊ दिवस नोव्हेना असते. लोक बसने, टेम्पोने येतात, काही पायी येतात. कागदोपत्री आश्रयदात्री तेरेजा, पण रांग लागते ती मतमाऊलीपुढे. मेणबत्त्या पेटतात, नारळ आणि फुले वाहिली जातात. मूल व्हावे, दारू सुटावी, लेकीचे लग्न जमावे, दुखणे बरे व्हावे असे नवस बोलले जातात, गेल्या वर्षीचे फेडले जातात. रांगेत हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे असतात आणि त्यांना कुणी कोण म्हणून विचारत नाही. वांद्र्याला तर चर्चबाहेरच्या दुकानांत नवसाप्रमाणे मेणाच्या वस्तू मिळतात. हाताचे दुखणे असेल तर मेणाचा हात, पायाचे असेल तर पाय, घर हवे असेल तर छोटे मेणाचे घर, पोर हवे असेल तर मेणाची बाहुली. ती घ्यायची, वेदीपुढे ठेवायची आणि हात जोडायचे.

धर्मगुरू आपल्या प्रवचनात ‘मध्यस्थी’ म्हणतात, माणसे ‘नवस’ म्हणतात. दोन्हीतले अंतर चर्चला ठाऊक आहे आणि त्यावर अधूनमधून समजही दिली जाते. तरी यात्रा वाढतच गेली. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि अहमदनगरसह हरेगाव त्याच्याकडे आले; यात्रेकरूंना त्याने काही फरक पडला नाही.

संतांना मराठी रूप देण्याचे काम याही आधी, थेट सतराव्या शतकात झाले होते, आणि तेही परदेशी फादरांच्या हातून. इंग्रज जेसुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापले गेले, हे अनेकांना माहीत असते. त्यानंतर १६२९ साली एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेसुइटांनी प्रेषित पेत्राच्या जीवनावर मराठीत ओवीबद्ध पुराण रचले, ते मात्र फारसे कुणाच्या कानावर नसते. पुराण ऐकायला जमणाऱ्या माणसांपुढे रोमचा पहिला पोप मराठी ओवीतून उभा राहिला.

आतापर्यंतचे सगळे संत बाहेरून आले. एक मात्र इथून बाहेर गेला.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. लगोलग तिथे कोट उभा राहिला. फ्रान्सिस्कन आले, जेसुइट आले, कॉन्व्हेंटे आणि कॉलेजे झाली. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेले. याच वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मले. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण किल्ल्यातल्या जेसुइटांच्या हाताखाली झाले. पंधराएक वर्षांचे असताना, १५७२ साली, एका जेसुइट फादरांबरोबर ते जपानला गेले.

पोर चलाख होते. जपानी भाषा त्याने झपाट्याने आत्मसात केली आणि आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. मनात जेसुइट संघात जाण्याचे होते, तो प्रवेश काही मिळाला नाही. मग गोन्सालो व्यापारात पडले, त्यातही बस्तान बसवले. शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ‘ब्रदर’ म्हणून दाखल झाले. ते पुरोहित कधीच झाले नाहीत. संघातली हलकीसलकी कामे करणारा हा ब्रदर १५९३ साली एकाएकी मोठ्या कामाला लागला. फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनांना पाठवले. बोलणी करायला दुभाषी हवा होता, आणि जपानी अस्खलित बोलणारा माणूस होता वसईकर गोन्सालो.

म्हणजे सवॉयचे फ्रान्सिस शाब्लेच्या घरांत पत्रके सरकवत होते, त्याच १५९४ साली वसईचे गोन्सालो क्योतोत रुग्णांची सेवा करत आणि जपानी माणसांशी त्यांच्या भाषेत बोलत होते. दोघांच्या वयात फक्त दहा वर्षांचे अंतर.

हिदेयोशीने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. अंमल मात्र ढिला होता. १५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने स्पेनच्या राजाची ताकद सांगताना, आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य, अशा अर्थाची बढाई मारली असे सांगतात. हिदेयोशीचा संशय पेटला. डिसेंबरात क्योतो आणि ओसाकातून फ्रान्सिस्कन व त्यांच्याबरोबरचे जपानी ख्रिस्ती पकडले गेले.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि गाड्यांवर बसवून शहरातून धिंड काढली. मग थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर एका रांगेत सव्वीस क्रूस उभे राहिले. खिळे ठोकले नव्हते. हातापायांना आणि मानेला लोखंडी कडी घालून, दोरांनी बांधून, शेवटी दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले. सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते: चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. तीन जपानी जेसुइट होते. उरलेले सतरा साधे जपानी ख्रिस्ती. त्यांतला लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या सर्वांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचे, घोषित केले. आश्रयदाता निवडण्याचे नियम ज्यांच्या कारकिर्दीत तीन वर्षांनी निघाले, तेच हे पोप. त्या नियमाप्रमाणे धन्यवादित पुरेसा नव्हता, संत हवा होता. संतपद मिळायला ८ जून १८६२ उजाडावे लागले.

मधल्या २३५ वर्षांत वसईवर काय काय गुजरले! १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांच्या वेढ्यानंतर, पोर्तुगीजांनी कोट सोडला. किल्ल्यातली श्रीमंत घराणी गलबतांत बसून गेली, चर्चे ओस पडली. त्यांच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा १७२१ साली ओतलेली आहे. भीमाशंकरला देवळासमोर जी घंटा आहे तिच्यावर १७२९ हा आकडा आणि ख्रिस्ती चिन्हे आजही दिसतात. ज्योतिर्लिंगाला आलेला भाविक ती वाजवून पुढे जातो.

पण किल्ल्याबाहेरच्या गावांतले ख्रिस्ती कुठे गेले नाहीत. ते इथलेच शेतकरी, मच्छीमार, कारागीर. त्यांनी पानवेली, केळी आणि भाताची शेती केली, घरात सामवेदी नि वाडवळी बोली जपल्या, आणि आपापल्या गावच्या आश्रयदात्यांचे सण धरून ठेवले. सांडोरचे संत थॉमस, माणिकपूरचे संत मायकल, आगाशीचे संत जेम्स, निर्मळचे पवित्र क्रूस, नंदाखालचे पवित्र आत्मा, पापडीची कृपामाता अशी ही नामावळ. यादी पाहिली की पोर्तुगीज काळातल्या मिशनऱ्यांची आवड दिसते: प्रेषित, देवदूत आणि मारियामाता. तिच्यात वसईचा माणूस नव्हता, कारण तो अजून संतच झाला नव्हता.

१८६२ नंतर तोही आला. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावचे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे. किल्ल्यातल्या जेसुइटांच्या चर्चच्या भग्नावशेषालाही लोक त्यांच्याच नावाने ओळखतात; छप्पर गेले, दर्शनी भिंत खांबांसह उभी आहे. वसईतल्या कॉलेजाला त्यांचे नाव आहे. नागासाकीत, संतपदाच्या शताब्दीला, १९६२ साली, निशिझाकावर शिल्पकार फुनाकोशी यांनी घडवलेल्या सव्वीस ब्राँझ मूर्तींचे स्मारक उभे राहिले. त्या रांगेत वसईचा दुभाषीही आहे.

एक विसंगती मात्र राहिली. जगभरच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला जो सण नोंदलेला असतो, तो ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ यांचा. पॉल मिकी हे जपानी जेसुइट. गोन्सालो ‘सोबती’ या शब्दात जमा. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून त्यांचे नाव ठळकपणे घेतले जाते ते मुख्यतः वसई-मुंबईकडे. २२ मे १९९८ रोजी मुंबईतून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, त्यानंतर ही ओळख अधिक पक्की झाली. मराठवाड्यातल्या चर्चमध्ये मात्र विचारून पाहिले तर फ्रान्सिस डी सेल्स, झेवियर, अंतोन ही नावे पटकन येतील. महाराष्ट्राच्या मातीतल्या या एकमेव संताचे नाव आठवायला वेळ लागेल. याला कुणी दोषी नाही. वसईला पोर्तुगीज समुद्रावरून आले, मराठवाड्याला फ्रेंच फादर नागपूरहून जमिनीवरून आले, आणि दोन्ही वाटा एकमेकींना फार उशिरा भेटल्या.

त्या भेटल्या त्या मराठीमुळे. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडून मिस्सा मराठीत होऊ लागली. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकातले मराठी लेखन वसईबाहेरही वाचले गेले. त्या मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संमेलन होते उस्मानाबादला, बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात. लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता असलेल्या संताचे नाव धारण केलेला वसईचा धर्मगुरू मराठवाड्यात साहित्यिकांच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला.

मराठवाड्याच्या या इतिहासाचा कच्चा माल अजून शिल्लक आहे. प्रत्येक कॅथलिक चर्चला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही ठेवावीच लागते. नाव, आईबाप, तारीख, धर्मपिता-धर्ममाता, सही करणारे फादर, सगळे तिच्यात असते; जुन्या वह्यांत बराच मजकूर लॅटिनमध्ये असतो. कोणत्या दशकात मुलांना कोणत्या संतांची नावे दिली गेली, फ्रान्सिस किती, तेरेजा किती, आणि कुठल्या वर्षी एखाद्या फ्रेंच सहीच्या जागी मराठी सही आली, हे त्या पानांवरून मोजता येईल. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासावर काम करणाऱ्यांनी, विशेषतः दलित ख्रिस्ती समाजावर लिहिणाऱ्यांनी, स्थानिक फादरांची परवानगी घेऊन या वह्या वाचायला हव्यात. वाळवी आणि ओल अभ्यासकांसाठी थांबत नाहीत, तेव्हा हे काम लवकर हाती घेतलेले बरे.